गार हात आणि धापणारी झोळी

मी एक जुनी, सुती दोऱ्यांची निजायची झोळी आहे. मेक्सिकोतल्या युकातान प्रांतातल्या एका घरात भिंतीच्या दोन कड्यांना टांगलेली. फिदेलियाने मला विणले, तेव्हा तिचे केस काळे होते. मित्रांनो, आमच्याकडे माणसे झोळीतच निजतात. म्हणून खरा झोपलेला कोण आणि कामे टाळायला डोळे मिटलेला कोण, हे मला पक्के कळते.

पूर्वी पाहुणे माझी वीण वाखाणायचे. पुढे नायलॉनच्या रंगीत झोळ्या आल्या आणि मी फक्त म्हाताऱ्या फिदेलियापुरती उरले.

फिदेलियाला साखरेचा आजार, मूत्रपिंडेही थकलेली. पण साखरेची गोळी चुकवायची नाही, हा तिचा तोरा. पितरांच्या सणाला तिने जमिनीत पुरून भाजलेला मक्याचा जाड पोळा भरपेट खाल्ला. मग उलट्या, जुलाब. पाणीही पोटात ठरेना. गोळी मात्र चालूच!

"याला म्हणतात शिस्त," मुलगा विल्बर्थ बायकोला म्हणाला. "नाहीतर तू. भाजीत मीठ विसरतेस."

मग पोट दुखू लागले, अंग ठणकू लागले, गुंगी आली. हात गार पडले.

"वाईट वारा लागलाय आईला," विल्बर्थ म्हणाला. " सतापाच्या पाल्यानं झाडून उतरवू. तोवर निजू दे."

"निजल्यात?" सून लँडी दारात थबकली. "आत्ता माझं चुलीवरचं चॉकलेट करपलं. घरभर वास. एक टोमणा नाही आला!"

"मग खूश हो की."

"झोळी तू ढकलतोयस?"

"मी कशाला ढकलू?"

"मग हलतेय कशी?"

मित्रांनो, मला फिदेलियाचा श्वास हलवत होता. खोल, भराभर, डोंगर चढून आल्यासारखा. कड्या करकरत होत्या.

लँडीने वाकून कान लावला. "अरे, धाप लागलीय त्यांना! पाला राहू दे. उचल. गोळ्यांचं पाकीटही घे."

माझ्यासकट फिदेलियाला शेजाऱ्याच्या गाडीत घातले. दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "शरीर कोरडं पडलं, मूत्रपिंडं दमली, औषध अंगात साठलं. रक्तात लॅक्टिक आम्ल वाढलंय. काल आणलं असतं, तर बरं झालं असतं."

आता तिचे रक्त यंत्रावर शुद्ध होते आहे. मी घरी, रिकामी.

मित्रांनो, साखरेची गोळी घेणाऱ्याला उलट्या-जुलाब झाले, तर गोळी चालू ठेवायची का, हे त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा. धाप, गुंगी, गार हात दिसले, तर 'निजू दे' म्हणू नका. लगेच दवाखाना गाठा.

काल लँडीने मला मांडीवर घेतले आणि तुटलेल्या दोऱ्यांना गाठी मारायला बसली.

"भार पेलला पाहिजे हिनं," ती म्हणाली. "सासूबाई घरी येणारेत."

विल्बर्थ तिच्याजवळ आला. दोऱ्याचे दुसरे टोक धरून बसला.