अकरा कडवी

मावशींनी दुधाच्या टाकीच्या झाकणातला रबरी वायसर उपसून काढला आणि आतून अंगठा फिरवला. बुळबुळीत.

"इथं लपून बसलेत मेले," त्या म्हणाल्या.

तपासणीच्या मॅडम मागेच उभ्या होत्या. गेल्या महिन्यात दोनदा त्यांनी टाकीत कापसाचा बोळा फिरवून नेला आणि दोन्ही वेळा जंतू सापडले. आज तिसरी खेप. आजही सापडले तर टाकी बंद, आणि बावीस वर्षं ती धुणाऱ्या मावशी घरी.

"जंतुनाशक दुप्पट घातलं होतंत ना?"

"घातलं की. पण ह्यांनी अंगावर चिकट गोधडी ओढलीय. वरून कितीही ओता, आत आपले सुखात."

मावशींनी ब्रश घेतला. खाच न् खाच घासली, खांदा भरून येईस्तोवर. साबण धुऊन काढला आणि जंतुनाशक लावलं, बाटलीवर लिहिलंय तेवढंच. मग पाण्याच्या नळीकडे गेलेला हात थबकला.

"दहा मिनिटं राहू द्यायचं, ठाऊक आहे मला. पण हात टाकीत नि घड्याळ भिंतीपल्याड. मी आपली देवाचं पद म्हणायची. अकरा कडवी झाली की पाणी." त्यांनी मान खाली घातली. "तुम्ही आलात नि गाणं बंद केलंत. मग अंदाजानं धुवायला लागले. खोटं कशाला बोलू, घाई व्हायची."

मॅडमनी भिंतीवरच्या पाटीकडे पाहिलं. 'कामाच्या वेळी गाणे नको.' अक्षर त्यांचंच होतं. त्यांनी मनगटावरचं घड्याळ समोर धरलं.

"म्हणा."

पहिली दोन कडवी कोरडीच गेली. तिसऱ्याला गळा मोकळा झाला आणि रिकाम्या टाकीनं सूर झेलून दुप्पट करून परत दिला. कॅन वाहणारे दारात खोळंबले. कुणी टोपी काढली, कुणी कॅनवर ताल धरला. अकरावं कडवं संपलं तेव्हा दहा मिनिटं होऊन वर थोडी झाली होती. मावशींनी पाणी मारलं आणि मॅडमनी टाकीत बोळा फिरवून नेला.

तिसऱ्या दिवशी मॅडम अहवाल घेऊन स्वतः आल्या आणि सगळ्यांसमोर वाचला. एकही जंतू नाही. शेडमध्ये कॅनच्या झाकणांचा असा गजर झाला की गाई असत्या तर दावं तोडून पळाल्या असत्या. मावशींनी पदर डोळ्यांना लावला आणि हसतच राहिल्या.

पुढच्या आठवड्यात पाटीच्या जागी नुसते खिळे होते. पद म्हणून झालं तशी मावशींनी नळी उचलली, तोच मागून आवाज आला.

"मावशी, आठवं राहिलं."

मॅडमनी वहीतून मानही वर केली नव्हती.