सोबतच्या व्यक्तीची सही

अलकनंदाबाईंच्या नजरेखालून न जाता त्यांच्या घरातून कोणतेही पत्र बाहेर पडत नसे. केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात तेहेतीस वर्षे त्यांनी मसुदे तपासले होते, दुरुस्त केले होते आणि बहुतेक वेळा परत पाठवले होते. निवृत्तीला अठरा वर्षे झाली तरी हात थांबला नव्हता. सोसायटीच्या सेक्रेटरीला पाण्याची तक्रार असो वा सूनबाईंचा रजेचा ईमेल, आधी मसुदा त्यांच्या समोर येई.

नात अबोली कॉलेजात गेली तेव्हा तिचे शिक्षण त्यांनी या बाजूनेच सुरू केले होते. प्राध्यापकांना लिहिलेल्या पहिल्या ईमेलची सुरुवात तिने "हाय मॅम" अशी केली होती आणि विषयाच्या जागी नुसते "अर्जंट" लिहिले होते. अलकनंदाबाईंनी तो सहा वेळा लिहून घेतला.

"विषयात घाई लिहायची नसते, काम लिहायचं असतं," त्या म्हणाल्या होत्या. "घाई तुझी आहे. ती त्यांच्या डोक्यावर का ठेवतेस?"

अबोलीने तोंड वाकडे केले होते, पण शिकली होती. आपण कोण, कोणत्या वर्गातले, काय हवे आहे, कोणत्या नियमाने हवे आहे आणि सोबत काय जोडले आहे, हे तिच्या ईमेलमध्ये पहिल्या पाच ओळींत असे. तिच्या मैत्रिणी आपापले ईमेल तिच्याकडून तपासून घेत. हे अलकनंदाबाईंना ठाऊक होते आणि त्या ते कुणाला बोलून दाखवत नसत.

एप्रिलमधल्या त्या शुक्रवारी दुपारी त्या दिल्लीच्या द्वारका भागातल्या डायलिसिस केंद्रात आपल्या नेहमीच्या खुर्चीवर रेलून बसल्या होत्या. डाव्या हातात दोन सुया होत्या, शेजारी यंत्र संथ घरघरत होते. जानेवारीपासून सोमवार, बुधवार आणि शुक्रवार हे तीन दिवस बारा ते चार या खुर्चीचे झाले होते. मुलगा दिलीप बदलीवर गुवाहाटीला होता. सूनबाई कल्पना सकाळी आठला गुरुग्रामच्या ऑफिसला निघे. सोबतीला बाई ठेवू या, असे तिने सुचवले होते तेव्हा अलकनंदाबाईंनी एका शब्दात ते मोडून काढले होते. परकी बाई म्हणजे चार घरी चर्चा. त्यांनी करोल बागेतल्या महाराष्ट्र मंडळाच्या कार्यकारिणीचा राजीनामा दिला, त्यात गुडघेदुखीचे कारण लिहिले. नणंदेलाही गुडघेच सांगितले. आणि अबोलीला समोर बसवून शपथ घातली, की या आजाराचे एक अक्षर घराबाहेर जाणार नाही.

तीच अबोली आता शेजारच्या प्लास्टिकच्या स्टुलावर बसून फोनवर काहीतरी लिहीत होती. लिहिता लिहिता थांबत होती. पुन्हा लिहीत होती.

"कुणाला लिहितेस?"

"कॉलेजला. छोटासा ईमेल आहे."

"वाच."

"आजी, यार, तू आराम कर ना."

"आरामच चालला आहे. हात अडकलाय, कान मोकळे आहेत. वाच."

अबोलीने क्षणभर विचार केला आणि फोन त्यांच्या उजव्या हातात दिला. ईमेल इंग्रजीत होता, विभागप्रमुख डॉ. शिवांगी मल्होत्रांच्या नावे. विषय नेमका होता: हजेरीतील तूट माफ करण्याबाबत. मग नाव, वर्ग, हजेरी क्रमांक. टायफॉइडमुळे फेब्रुवारी-मार्चमध्ये वर्गांना उपस्थित राहता आले नाही, डॉक्टरांचे प्रमाणपत्र सोबत जोडले आहे, नियमानुसार वैद्यकीय कारणास्तव विचार व्हावा आणि परीक्षेला बसू द्यावे. एकही शब्द जास्त नव्हता.

"‘विनंती’ दोनदा आलं आहे. दुसरं काढ," अलकनंदाबाई सवयीने म्हणाल्या. मग त्यांनी चष्मा सारखा केला. "तुला टायफॉइड कधी झाला?"

"नाही झाला."

"मग?"

"माझ्या वर्गातल्या नचिकेतचे काका डॉक्टर आहेत. ते देतात लिहून. सगळे घेतात, आजी. कॉलेजमध्ये अर्ध्या लोकांना दर सेमिस्टरला टायफॉइड होतो."

"हजेरी किती आहे?"

"एकोणपन्नास टक्के. दोन तृतीयांश लागते. नाहीतर परीक्षेला बसता येत नाही, वर्ष जातं. आज पाचपर्यंत कारण आणि कागद पाठवायचे आहेत, त्यानंतर परीक्षेला अपात्र ठरलेल्यांची यादी लागते."

अलकनंदाबाईंचा आवाज चढला नाही. मंत्रालयात माणसे त्यांच्या चढलेल्या आवाजाला नव्हे, याच आवाजाला भीत असत. "आम्ही इथे तुझ्या शिक्षणाची काळजी करतो, आणि तू अर्धं वर्ष वर्गाबाहेर. कुठे होतीस?"

अबोलीने यंत्राकडे पाहिले, मग स्टुलाकडे, ज्यावर ती बसली होती.

"इथेच होते ना," ती म्हणाली.

तिचे वर्ग दुपारी असतात, हे अलकनंदाबाईंना माहीत होते. जानेवारीत त्यांनी एकदा विचारलेही होते. "मॅनेज होईल, चलो," असे अबोलीने सांगितले होते आणि त्यांना ते सोयीचे वाटले होते म्हणून त्यांनी पुन्हा विचारले नव्हते.

"आधी का नाही कळवलंस त्यांना?"

"कळवलं होतं. मागच्या आठवड्यात. ‘घरगुती अडचणीमुळे’ असं लिहिलं. त्यांचं उत्तर आलं. खाली बघ."

त्यांनी बोटाने सरकवून पाहिले. उत्तर दोन ओळींचे होते. घरगुती अडचण म्हणजे काय ते स्पष्ट करावे. पुरावा जोडावा.

हे वाक्य त्यांचेच होते. कितीतरी अर्जांच्या समासात त्यांनी लाल शाईने ते लिहिले होते. एकदा गुलाबराव नावाच्या कारकुनाच्या रजेच्या अर्जावरही लिहिले होते. त्याने दुसऱ्या दिवशी नवा अर्ज आणून टेबलावर ठेवला, त्यात बायकोच्या वेडाच्या झटक्यांची हकिकत होती, तारखांसह. अर्ज ठेवताना तो त्यांच्याकडे बघत नव्हता. त्यांनी रजा तात्काळ मंजूर केली होती आणि आपण नियमाप्रमाणे वागलो असे समजल्या होत्या. नियमाप्रमाणे वागल्याही होत्या. परंतु तो माणूस नंतर त्यांच्या खोलीत कामाखेरीज कधी आला नाही.

"तू खरं का नाही लिहिलंस?" हा प्रश्न त्यांनी विचारला खरा, पण विचारताच त्याचे उत्तर त्यांना कळले.

"शपथ तूच घातलीस," अबोली म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती, त्यामुळे ऐकणे अधिक अवघड होते. "मग मला वाटलं, माझाच आजार लिहावा. माझा लिहिला तर तुला काय?"

यंत्राने मध्येच एक सूर काढला. तंत्रज्ञ धीरज आला, नळी सरळ केली, आकडा पाहिला. "माताजी, हाथ मत हिलाइए," म्हणून गेला. अजून एक तास वीस मिनिटे उरली होती.

अलकनंदाबाईंच्या एक्केचाळिसाव्या वर्षी त्यांचे यजमान गेले होते. तेराव्या दिवसानंतर त्या कार्यालयात रुजू झाल्या तेव्हा सगळे हळू बोलू लागले होते. "बिचाऱ्या," असे त्यांनी दाराबाहेर ऐकले. त्रास नको म्हणून महत्त्वाच्या फाइली परस्पर दुसऱ्या टेबलावर जाऊ लागल्या, आणि त्या टेबलावरचा माणूस पुढच्या वर्षी त्यांच्या आधी बढती घेऊन गेला. कुणीही त्यांचे वाईट चिंतले नव्हते. सगळ्यांना फक्त त्यांची दया आली होती. तेव्हापासून त्यांनी ठरवले होते, की आपले दुखणे कोणत्याही कागदावर जाणार नाही. सदतीस वर्षे त्यांनी ते पाळले होते. आणि आता ते पाळण्याची किंमत या मुलीने तीन महिने त्यांच्या नकळत भरली होती, आणि आज ती खोटे प्रमाणपत्र जोडून उरलेलीही भरणार होती.

"हा पुसून टाक," त्या म्हणाल्या.

"आजी, पावणेतीन झालेत. दुसरं काय लिहू?"

"मी सांगते. लिही. ‘कुटुंबातील ज्येष्ठ सदस्याच्या प्रकृती-अस्वास्थ्याच्या अनुषंगाने उद्भवलेल्या अपरिहार्य परिस्थितीत...’"

अबोलीने दोन शब्द टंकले आणि थांबली. "हे वाचून मॅडमना काय कळेल?"

"सभ्य भाषा आहे."

"सभ्य आहे, पण यात तू कुठेच नाहीस. मीच असं लिहिलं असतं तर तू फाडलं असतंस. बिल्कुल फाडलं असतंस."

आयुष्यात फारच थोड्या वेळा अलकनंदाबाईंचा मसुदा कुणी परत पाठवला होता आणि दरवेळी तो माणूस त्यांच्याहून वरच्या हुद्द्यावर होता.

"मग तू लिही," शेवटी त्या म्हणाल्या. "मी मध्ये बोलणार नाही."

अबोली बराच वेळ लिहीत होती. मग तिने फोन पुढे धरला. मराठीत त्याचा अर्थ असा होता: माझ्या आजीच्या दोन्ही किडन्या काम करत नाहीत. आठवड्यातून तीन दिवस दुपारी बारा ते चार तिचे डायलिसिस असते. वडील परगावी असतात आणि आई त्या वेळेत येऊ शकत नाही, म्हणून तिच्यासोबत मी जाते. याच वेळेत माझे वर्ग असतात. हे मी आधी कळवले नाही, कारण तिचा आजार कुणाला कळावा अशी तिची इच्छा नव्हती. आता तिच्या परवानगीने लिहीत आहे.

अलकनंदाबाईंनी ते दोनदा वाचले. तोंडाला कोरड पडली होती, पण डॉक्टरांनी मोजून दिलेले आजच्या वाट्याचे पाणी त्यांनी सकाळीच पिऊन संपवले होते. "‘काम करत नाहीत’ ऐवजी..." त्यांनी सुरुवात केली आणि गप्प झाल्या. मध्ये बोलणार नाही असे आपणच म्हटले होते.

"परवानगी दिलीस ना?" अबोलीने हळूच विचारले. "नाहीतर शेवटची ओळ पण खोटी होईल."

"पुरावा काय जोडणार?" त्या म्हणाल्या.

"तुझी डॉक्टरची फाइल?"

"त्यातून मी आजारी आहे एवढंच सिद्ध होतं. तू इथे होतीस हे कशावरून?"

अलकनंदाबाईंनी उजवा हात उचलून धीरजला खूण केली. आजवर त्या या दालनात कुणाशी कामापलीकडे बोलल्या नव्हत्या. समोरच्या रांगेतल्या दोन बायका त्यांना ‘अफसर मॅडम’ म्हणत आणि नमस्कार करून गप्प बसत. आता त्या सर्वांना ऐकू जाईल अशा स्वरात बोलल्या.

"धीरज बेटा, रजिस्टर लाओ। मेरी पोती को कॉलेज में दिखाना है। मेरी वजह से उसकी पढ़ाई छूटी है।"

त्या दोन बायकांनी माना वळवल्या. अलकनंदाबाईंनी त्या नजरा जाऊ दिल्या.

धीरजने जाडजूड वही आणली. दुसऱ्या रुग्णांची नावे झाकायला त्याने कागदाच्या पट्ट्याही आणल्या. प्रत्येक नोंदीपुढे तारीख, आत आल्याची वेळ, वजन, आणि शेवटच्या रकान्यात सोबतच्या व्यक्तीची सही. तो पाने उलटत गेला, अबोली फोटो घेत गेली आणि अलकनंदाबाई पाहत गेल्या. जानेवारीतल्या सह्या पूर्ण होत्या, नाव, आडनाव, खाली छोटी रेघ. फेब्रुवारीत आडनाव गेले. मार्चमध्ये नुसते ‘अ’ आणि एक लकेर उरली होती, उभ्याउभ्या केलेली. एक्केचाळीस तारखा होत्या आणि एकही रकाना रिकामा नव्हता. बारा मार्चच्या नोंदीत वजनाच्या आकड्यावर चहाचा डाग होता. त्या दिवशी अबोलीच्या वर्गाची चाचणी होती, हे त्यांना नंतर कल्पनाच्या बोलण्यातून कळले होते, आणि ती चुकवली कशी, हे त्यांनी विचारले नव्हते.

"धीरजकडून शेवटच्या पानाखाली शिक्का घे आणि त्याचाही फोटो काढ," त्या म्हणाल्या. "आणि फोटो तारखेच्या क्रमाने जोड. त्यांना शोधावं लागता कामा नये."

साडेतीनला ईमेल गेला. पाठवण्याआधी अबोलीने त्यांच्याकडे पाहिले. त्यांनी मान हलवली.

चार वाजता सुया निघाल्या. हातावर कापूस दाबून त्या वीस मिनिटे बसून होत्या, नेहमी बसत तशा. उत्तर आले तेव्हा अबोली उभी होती. तिने आधी स्वतः वाचले आणि मग मोठ्याने वाचले. आजींना आराम पडो, असे एक वाक्य होते. त्याच्या पुढचे लगेच कामाचे होते. आज लागणाऱ्या यादीतून नाव तात्पुरते वगळले आहे. समिती मंगळवारी अकरा वाजता बसेल, तिच्यापुढे पालकाने हजर राहून निवेदनाची खातरजमा करावी. निर्णय समितीचा असेल.

‘आराम पडो’ या शब्दांवर अलकनंदाबाई क्षणभर ताठ झाल्या. त्या पुढचे ऐकण्याची वाट पाहत राहिल्या, पण त्या बाबतीत पुढे काही नव्हते.

"आईला रजा घ्यायला सांगते," अबोली म्हणाली.

"कल्पना काय खातरजमा करणार? ती इथे किती वेळा आली? मी येईन. मंगळवारी मी मोकळी आहे."

"आजी, त्या ऑफिसला तीन जिने आहेत. लिफ्ट बंद असते."

अलकनंदाबाईंनी कापूस उचलून पाहिला. रक्त थांबले होते. त्यांनी बाही खाली ओढली नाही, खुर्चीच्या हाताला धरून सावकाश उठल्या, आणि अबोलीने पुढे केलेला हात धरला.

"तर मग आत्ताच उत्तर लिही," त्या म्हणाल्या. "पालक म्हणून आजी येतील. त्यांना जिने चढता येत नाहीत. समितीने तळमजल्यावर भेटावे आणि एक खुर्ची ठेवावी. कारण स्पष्ट लिही."

अबोलीने तिथेच उभ्याने लिहिले आणि फोन त्यांच्यापुढे धरला. त्यांनी चष्मा लावून वाचले. एकही शब्द बदलला नाही.

"पाठव," त्या म्हणाल्या.