चोवीस टिकल्यांचा दिवा

फोटो २१४

हा काढला तेव्हा सत्यजित जिवंत होता.

शिंप्याच्या दुकानातला दिवा विझवायचा होता. दुकान बुटांच्या खोक्याएवढं. शिंपी म्हणजे वीतभर उंचीचा बाहुला, आत तार, वर स्पंज. तो शिवणयंत्रावर कापड टाकतो, कात्री खिळ्याला अडकवतो, वळतो आणि दिव्याकडे हात नेतो. विनिता त्याला केसभर हलवायची, सत्यजित फोटो काढायचा, ती पुन्हा केसभर हलवायची. अशा बारा फोटोंचा एक सेकंद. कात्री खिळ्यापर्यंत पोचायला दोनशे फोटो आणि सतरा दिवस लागले. दोनशे एकपासून दिवा मंद होत जायचा आणि दोनशे चोवीसला विझायचा होता.

चौदा पावलं मंद झाला. "पंधराव्याआधी चहा," म्हणून सत्यजित स्वयंपाकघरात गेला. बराच वेळ आला नाही. विनिता गेली तेव्हा तो ओट्याशी पडला होता. तिने आधी गॅस बंद केला. त्यांच्या साकेत नगरच्या फ्लॅटपासून मोठं हॉस्पिटल सात मिनिटांवर. सात मिनिटांत पोचले. उपयोग झाला नाही.

त्याला आज सदतीस दिवस झाले.

फोटो २१५

हा अजून नाही.

विनिताने खोली उघडली. खिडक्यांना काळा कागद तसाच. शिंप्याचा हात दिव्याकडे तसाच. त्याच्या टकलावर धूळ बसली होती, ती तिने ब्रशने झटकली. सेटला कुणी हात लावायचा नाही असं तिने पहिल्याच दिवशी बजावलं होतं आणि कुणी लावला नव्हता. पण शेजारच्या टेबलावरचा पोळ्यांचा डबा हाही सेटच, हे कुणाला कसं कळावं?

दुकानातला दिवा म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढा एलईडी. बाजारातला डिमर लावला की तो डोळ्याला शांत दिसायचा आणि कॅमेऱ्यात लुकलुकायचा. म्हणून सत्यजितने स्वतःचा डिमर बनवला होता, पोळ्यांच्या स्टीलच्या डब्यात. झाकणाला भोक पाडून त्यात जुन्या रेडिओसारखं बटण बसवलं होतं. फिरवलं की दिवा मंद.

पण किती फिरवायचं? तिथेच सगळी गोम. दर वेळी सारखंच फिरवलं तर दिवा आधी नुसता जळत राहतो आणि शेवटी जिन्यावरून घसरल्यासारखा पडतो. शंभरातून पाच गेले तर डोळ्याला पत्ता लागत नाही, दहातून पाच गेले की अर्धा दिवा गेला. म्हणून प्रत्येक पाऊल आधीच्यापेक्षा छोटं. सत्यजितने आठ संध्याकाळी घालवून ती पावलं नक्की केली आणि खूण म्हणून बटणाभोवती विनिताच्या टिकल्या लावल्या. बिट्टन मार्केटातलं पाकीट, मोहरीएवढ्या मरून टिकल्या. "तुझ्या कपाळाला एक लागते, बाकीच्या नुसत्या बसून खातात," असं म्हणाला होता. शेवटी शेवटी जागा पुरेना, तेव्हा अखेरच्या चार त्याने ब्लेडने अर्ध्या कापून लावल्या. एकूण चोवीस.

झाकण लख्ख होतं.

"आत्या," तिने हाक मारली, "या डब्यावर टिकल्या होत्या."

सुलभाआत्या दारात आल्या. सत्यजितची सख्खी आत्या, नागपूरची. तेरावा झाल्यावर बाकीचे गेले, या राहिल्या.

"होत्या ना. काढल्या मी. आरशावरच्या काढल्या, न्हाणीघरातल्या काढल्या, कपाटाच्या दारावरच्या काढल्या. अन् या डब्यावर तर किती वं! म्हटलं, ही पोरगी टिकल्या ठेवते तरी कुठं कुठं."

"टाकल्या?"

"कचरागाडीत गेल्या, तेव्हाच. अन् ते बटण चालूच होतं. बिनकामाची वीज जाते म्हणून बंद केलं." आत्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. "कामाच्या होत्या का?"

"हो."

"किती कामाच्या?"

विनिताने सांगितलं. आत्या खुर्चीवर बसल्या.

"बरं," विनिता म्हणाली. सदतीस दिवस ती सगळ्यालाच बरं म्हणत होती.

"बरं काय? ओरड की माझ्यावर."

"नाही, आत्या."

फोटो २१५

अजून नाही.

चौदावी जागा सापडली. स्क्रीनवर २१४ ठेवायचा, बटण हळूहळू फिरवायचं, दोन्ही दिवे सारखे दिसले की थांबायचं. प्रश्न पुढच्या दहांचा होता. ते फोटो अजून कुठेच नव्हते. ते फक्त त्या टिकल्यांमध्ये होते.

शिंप्याला न हलवता तिने अंदाजाने दहा फोटो काढून पाहिले. दिवा पडला. अंतरं कमी केली. मध्येच थबकला, मग पडला. तिसऱ्यांदाही पडला. तिला वाईट वाटायला हवं होतं. ती वाट पाहत राहिली. मग तिने पंखा बंद केला, कारण थंडी वाजत होती.

निनादचा फोन आला. फिल्म त्याच्या कंपनीची, शुक्रवारी द्यायची.

"वहिनी, टेन्शन नका घेऊ. लाइट आपण कम्प्यूटरवर मॅनेज करून टाकू. आजकाल सब होता है."

"दिव्याने हाताची सावली शिंप्याच्या गालावर पडते, निनाद. हात हलला की तीही हलते."

"दहा फोटोंचा तर मामला आहे. कोण बघतंय?"

"शुक्रवारी देते," असं म्हणून तिने फोन ठेवला.

फोटो २१५

आत्या मघापासून डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"आमचे गेले ना," त्या म्हणाल्या, "तेव्हा माझ्या आरशावर पाच टिकल्या होत्या. कोणी काढल्या नाहीत. कपाळाचं मात्र लगेच पुसलं, बायका टपलेल्याच होत्या. आरसा कोणाला आठवत नाही. वर्षभर भांग पाडताना त्या पाच जणी माझ्याकडे बघत. म्हणून म्हटलं, तुला नको."

आत्यांनी झाकणावरून बोट फिरवलं. मग थांबल्या. पुन्हा फिरवलं.

"हे चिकटतं गं."

"काय?"

"बोट. ओलं फडकं लावलंच नव्हतं मी, शॉक लागंल म्हणून. कोरडंच पुसलं." त्या उठल्या, देवापुढचा कुंकवाचा करंडा घेऊन आल्या. "आमच्या वेळी टिकल्या कुठं होत्या? आधी मेण लावायचं गोल, मग वर कुंकू. मेण असंल तिथंच कुंकू बसतं, बाकीचं झडून जातं. हा गोंद आहे. मेणाचाच भाऊ."

त्यांनी चिमूट सोडली, झाकण तिरकं करून टिचक्या मारल्या आणि हलकी फुंकर घातली. कुंकू उडालं. बटणाभोवती लाल ठिपके उरले.

विनिताने मोबाइलचा टॉर्च धरून मोजले. चौदाव्यापाशी बटणाचा काटा तिने आधीच आणून ठेवला होता. डोळ्याने शोधलेली जागा फक्त केसभर चुकली होती. पंधरा, सोळा... वीस. त्यापुढे ठिपके नव्हते. अर्ध्या कापलेल्या चार टिकल्यांचा गोंद एकात एक मिसळला होता आणि तिथे नखाएवढी लाल रेघ उठली होती.

"वीस आहेत," ती म्हणाली.

"अन् चार?"

"त्या नाहीत."

आत्यांनी पदराला हात पुसला. पदर लाल झाला. "मग सहा तर घे," त्या म्हणाल्या. "बटण मी फिरवते. तू तुझा बाहुला सांभाळ."

फोटो २१५

"पुढचा ठिपका, आत्या. अगदी मधोमध."

"आला काटा."

"टॉर्च बंद करा."

काढला.

फोटो २१६, २१७, २१८

शिंप्याचा अंगठा. मनगट. पुन्हा अंगठा.

"याला नाव काय ठेवलं?"

"काही नाही."

"सत्यानं ठेवलं असंल काही."

"शेठ म्हणायचा."

"शेठ, हात हलवा," आत्या म्हणाल्या.

फोटो २१९, २२०

काढले. सत्यजितचे ठिपके संपले.

फोटो २२१

"आता तू सांग, किती."

"थोडं."

"थोडं म्हणजे?"

"थांबा. तिथेच."

फोटो २२२

त्याहून कमी.

फोटो २२३

दिवा आहे की नाही हे डोळ्याला कळत नव्हतं. कॅमेऱ्याला कळत होतं.

फोटो २२४

विझला.

तिने चालवून पाहिलं. कापड, कात्री, वळणं, हात, दिवा. दिवा सावकाश गेला. पडला नाही. फक्त वीस आणि एकवीसच्या मध्ये बारीकसा झटका होता, जिन्याची एकच पायरी बाकीच्यांपेक्षा सुपारीएवढी उंच असावी तसा.

"मला तर काही दिसलं नाही," आत्या म्हणाल्या. "पुन्हा लाव."

तिने पुन्हा लावलं.

"नाही बाई. कुठं?"

"इथे."

"तुलाच दिसतो. मग पुन्हा करणार?"

शुक्रवारला तीन दिवस होते. हात मागे नेऊन ते चार फोटो पुन्हा काढता आले असते. विनिताने फोटोंची वही ओढली. प्रत्येक ओळीत दिवा कुणी लावला त्याचा रकाना होता आणि दोनशे चौदापर्यंत त्यात सत्यजितच्या अक्षरात 'स' होता. तिने २१५ ते २२० समोर 'स' लिहिला. मग २२१, २२२, २२३, २२४ समोर एकेक करून 'वि' लिहिलं आणि पेनाला टोपण लावलं.

"नाही," ती म्हणाली.

आत्यांनी डबा उचलला. "हा पुसून ठेवू का गं?"

"नको. राहू दे."