घटावर पडलेली सावली

मंडळी, टेंभुर्णीच्या केशरबाईचं सोवळं एवढं कडक, की तिच्या देवघरात माशीसुद्धा पाय धुऊन शिरायची म्हणतात! माशीला निदान मुभा होती. विधवा सुनेला तीही नव्हती. केशरबाईचा एकुलता लेक ट्रॅक्टरखाली गेला, तेव्हापासून सून उषानं देवघराचा उंबरा ओलांडला नव्हता.

सन चौऱ्याण्णवच्या नवरात्रात घट बसले. पत्रावळीवर काळी माती, तिच्यात गहू पेरलेला, मधोमध पाण्याचा घट. या गव्हाच्या कोंबांना म्हणायचं धन; ते जेवढं उंच वाढेल तेवढी घराची भरभराट, अशी समजूत. सुनेची सावली पडू नये म्हणून केशरबाईनं खिडकी लावली, दार ओढून घेतलं आणि भरभराट लवकर यावी म्हणून येता-जाता तांब्या ओतायला लागली. पाचव्या माळेला बघते तर कोवळे कोंब माना टाकून आडवे, मातीला कुबट वास!

"तुझीच सावली पडली!" ती सुनेवर कडाडली. "लेक खाल्ला, आता घर खाती का? बोचकं बांध जल्दी. सकाळच्या गाडीनं राजूरला भावाकडं जा."

उषा बोचकं बांधून ओसरीवर बसली.

आरडाओरडा ऐकून शेजारच्या घरातून केशरबाईची थोरली जाऊ झुंबरबाई आली. तिनं मातीत बोट खुपसलं. भोवती पाणी वर आलं.

"केशर, घट बसवला का म्हशीसाठी डबकं केलं?"

"अक्का, थट्टा नको. अपशकुन झाला."

"पाण्यानं सडलं गं! अन् हा गहू कुठला?"

"आपल्याच वावरातला."

"पेरला कुणी, काढला कुणी? या पोरीनंच ना? वावरात तिचा हात चालतो, मंग देवापुढं का चालत न्हाई?"

"तिचा नवरा गेलाय, अक्का."

"अन् तुझा लेक न्हाई गेला? मरण एकच. मंग तू आई अन् ती अवदसा, हे कसं?"

केशरबाईची नजर ओसरीवरच्या बोचक्याकडं गेली. अरेरे! एवढ्या दिवसांत त्या पोरीजवळ बसून ती एकदाही रडली नव्हती!

ती ओसरीवर गेली. "ऊठ, उषा. घटाचं तू बघ."

"मी शिवू, आत्याबाई?"

"शीव. चुकलं माझं."

उषा उंबऱ्याशी थबकली. सासूनं हाताला धरून आत घेतली. उषानं खिडकी उघडली. घट हलवायचा नसतो, म्हणून पत्रावळीच्या कडेला भोक पाडून पाणी काढून दिलं आणि सडलेले कोंब वेचत बसली. वेचता वेचता दोघीही रडल्या.

दसऱ्याला सासरे साहेबरावांच्या टोपीत खोवायला कशीबशी चार पिवळी पाती निघाली. गेलेला लेक परत आला नाही, सडलेलं धनही नाही. राजूरची गाडी मात्र उषाला न घेताच गेली.

बंधू-भगिनींनो, सावलीनं काही सडत नसतं. सडतं ते आपल्या हातानं. तुमच्या घरात असं कुणी उंबऱ्याबाहेर बसलं असेल, तर देवाला नैवेद्य दाखवण्याआधी त्याला आत घ्या!