वाजता माग

परोपकार ज्याच्या रक्तातच असतो त्याला ऊन, तहान आणि पायपीट यांचे भान राहत नाही. एकनाथ वामन घळसासी सोलापूरच्या भवानी पेठेतल्या विणकरांच्या एका बोळाच्या तोंडाशी उभे होते आणि अर्ध्या तासात त्यांना तिसऱ्यांदा तहान लागली होती.

“रावसाब, सावलीला तरी व्हा,” तिप्पण्णा म्हणाला. भाकऱ्यांची हातगाडी ओढण्यासाठी अन्नसाहाय्यक मंडळाने ठेवलेला हा माणूस. “न्हाय तर उद्या तुमच्याच घरी भाकरी पोचवाय लागंल की.”

“गप्प बैस. ऐकू दे मला.”

घळसासींनी टोपी मागे सारली, डोळे मिटले आणि डावा कान बोळाकडे केला. उजव्या कानाने त्यांना जरा कमी ऐकू येई. ही गोष्ट त्यांनी मंडळाला कळवलेली नव्हती.

बोळात अकरा घरे. दहा घरे गप्प होती. टोकाच्या अकराव्या घरातून मात्र खट्-खटक, खट्-खटक असा माग वाजत होता.

“अकरावं सोडून,” घळसासींनी डोळे उघडले. “बाकी सगळ्यांना माणशी दोन. चल.”

पहिले घर गंगम्माचे. नवरा सुताच्या शोधात सोलापूर सोडून गेलेला, पदरात तीन पोरे, आणि तोंड असे फटकळ की मंडळाचे दुसरे स्वयंसेवक तिच्या दारी तिप्पण्णालाच पुढे करीत. तिने भाकऱ्या पदरात घेतल्या, मोजल्या नाहीत, आणि बोळाच्या टोकाकडे पाहिले.

“पंत, त्या मल्लय्याच्या घरी बी ठेवा की दोन.”

“त्यांचा माग चालू आहे, गंगम्मा.”

“वाजतोय खरा.”

“मग? वाजतो म्हणजे काम आहे, आणि काम आहे म्हणजे भाकरी आहे. मंडळाचा नियमच आहे तसा.”

“नियम आसंल तर ऱ्हाऊ द्या,” गंगम्मा म्हणाली आणि पायानेच दार लोटून आत गेली.

घळसासींना तिचा राग आला नाही. अडाणी बाईला नियमाचे मोल कसे कळावे, असे त्यांना वाटले. शिवाय तो नियम त्यांचा स्वतःचा होता.

त्याचे असे झाले. १९२० साली पावसाने जिल्ह्याकडे पाठ फिरवली. शेतकऱ्याच्या घरी ज्वारी नाही म्हटल्यावर त्याची बायको नवे लुगडे कशाला घेते! सोलापुरातल्या हातमागांवरची लुगडी दुकानांतून पडून राहिली, व्यापाऱ्यांनी विणकरांना सूत देणे बंद केले, आणि दिवाळीनंतर विणकरांच्या चुली एकेक करून थंडावल्या. तेव्हा शहरातल्या सुशिक्षित मंडळींनी अन्नसाहाय्यक मंडळ काढले. पहिल्या सभेत अडीच तास भाषणे झाली आणि दोनदा चहा झाला. खरा गरजू ओळखावा कसा, हा प्रश्न मात्र सुटेना.

“घरात शिरून चौकशी करणं मला पसंत नाही,” अध्यक्ष वकीलसाहेब म्हणाले. “गरिबाच्या चुलीत डोकावणं म्हणजे त्याचा अपमान.”

हे सर्वांना पटले. विणकराच्या घरात शिरले तर परत येऊन पुन्हा अंघोळ करावी लागली असती, आणि त्या साली पाण्याची केवढी टंचाई!

तेव्हा कोपऱ्यातून घळसासी उठले. दिवाणी कोर्टात नक्कलनवीस म्हणून त्यांची बावीस वर्षे झाली होती. बावीस वर्षे दुसऱ्यांची वाक्ये त्यांनी सुवाच्य अक्षरात उतरून काढली होती. स्वतःचे असे एकही वाक्य कोणत्या कागदावर आलेले नव्हते.

“माग वाजला तर तो रस्त्यावरूनही ऐकू येतो,” ते म्हणाले. “ज्या घरचा माग बंद, ते घर उपाशी. आत जायलाच नको.”

मग वकीलसाहेबांनी “वा!” म्हटले आणि नियम लिहून घेतला. त्याच्या सात प्रती करण्याचे काम अर्थातच घळसासींकडे आले. त्यांनी त्या रविवारी बसून केल्या, आणि प्रत्येक प्रतीत त्या वाक्यापाशी आल्यावर त्यांनी टाक नव्याने शाईत बुडवला.

घरी मात्र या नियमाचे म्हणावे तसे स्वागत झाले नाही. मंडळाच्या प्रत्येक सभासदाच्या घरून रोज दहा भाकऱ्या जात. घळसासींकडे त्या पहाटे उठून त्यांच्या पत्नी अनसूयाबाई थापीत.

“अहो, पण दार वाजवून विचारलं तर काय होतं?”

“अपमान होतो.”

“कोणाचा?”

“त्यांचा.”

“तसं ते म्हणाले?”

“ते विचारायला दार वाजवावं लागेल ना!”

हा युक्तिवाद घळसासींना बिनतोड वाटला. अनसूयाबाई तव्यावरची भाकरी उलटायला वळल्या.

मल्लय्या येमूल साठीचा होता. बोळातल्या निम्म्या पुरुषांना मागाच्या उभ्या धाग्यांतून धोटा फेकायला त्यानेच शिकवले होते, आणि कोणाच्या घरचे सूत संपले तर आपल्यातले काढून द्यायची त्याची रीत होती. घरात तो आणि बायको पार्वतम्मा, दोघेच. तिसऱ्या आठवड्यात एकदा पार्वतम्मा दाराशी उभी दिसली तेव्हा घळसासी मुद्दाम चार पावले पुढे गेले. नियमात चौकशी नव्हती; पण नियम करणाऱ्याने थोडे उदार असावे.

“काय बाई, काम ठीक चाललंय ना?”

“चाललंय की, पंत. ऐकू येतंय न्हवं?”

“येतं तर! सबंध बोळात तुमचाच तर माग वाजतोय.”

“व्हय,” पार्वतम्मा म्हणाली. गाडीवरच्या टोपल्यांकडे तिने पाहिले नाही. इतके कटाक्षाने पाहिले नाही की तिप्पण्णाने टोपली फडक्याने झाकली.

परतताना ओट्यावर रिकामे बसलेले चार-पाच विणकर दिसले. घळसासींना बोलल्यावाचून राहवेना.

“त्या मल्लय्याकडे बघा जरा! तुमच्या बापाच्या वयाचा माणूस. दुष्काळ त्यालाही आहेच ना? पण हात थांबलेत का त्याचे?”

एकाने खाली मान घातली. दुसरा उठून आत गेला. घळसासींनी ते लाजेचे लक्षण मानले, आणि ते बरोबरच होते. फक्त कशाची लाज, हे त्यांना कळले नाही.

त्या महिन्याच्या सभेत त्यांनी मल्लय्याचा दाखला दिला. वकीलसाहेबांनी या स्वावलंबी विणकराचा उल्लेख भाषणात दोनदा केला आणि पुढच्या खेपेस त्याचा जाहीर सत्कार करावा असे सुचवले. सत्काराला नारळ आणि उपरणे, भाकरी नव्हे. कारण भाकरीने त्याचा अपमान झाला असता.

पाचव्या आठवड्यात माग संथ वाजू लागला. खट्… बराच वेळ काही नाही… मग खटक.

“आज गडी दमलाय जणू,” तिप्पण्णा म्हणाला.

“तुला त्यातलं काय कळतं? हे नाजूक काम आहे. जरीचे काठ-पदर विणायचे तर माणूस घाई करत नाही.”

“दुष्काळात जरी कोण नेसतंय, रावसाब?”

घळसासींनी टोपी सारखी केली. कानाने विणकाम ओळखण्याइतकी आपली प्रगती झाली याचे त्यांना समाधान वाटत होते.

आणि पुढच्या बुधवारी, सकाळी साडेआठ वाजता, त्यांनी बोळाच्या तोंडाशी डोळे मिटले तर काहीच ऐकू आले नाही. त्यांनी कान बदलला. तरी नाही.

“बंद,” ते म्हणाले.

खरे सांगायचे तर त्यांना बरे वाटले. नियम निर्दय नव्हता हे आता सिद्ध होणार होते. माग थांबला त्याच दिवशी मदत दारात. एका दिवसाची दिरंगाई नाही! बाकीची दहा घरे तिप्पण्णावर सोपवून त्यांनी स्वतःच्या हाताने चार भाकऱ्या उचलल्या आणि ते बोळाच्या टोकाशी गेले. दारासमोर उभे राहून त्यांनी दोनदा खाकरले. आतून कोणी आले नाही. दार नुसते लोटलेले होते. त्यांनी ते कोपराने ढकलले आणि पाच आठवड्यांत पहिल्यांदा आत पाऊल टाकले.

समोरच माग होता. मागावर सूत नव्हते.

अर्धवट विणलेले लुगडे नव्हते, ताणा नव्हता, एक धागासुद्धा नव्हता. नुसता लाकडाचा सांगाडा. त्यामागे विणकर पाय सोडून बसतो त्या खड्ड्यात मल्लय्या बसला होता. कपाळ समोरच्या दांडीवर टेकलेले. धोटा ओढायची दोरी उजव्या मुठीत तशीच. पाठीचे मणके इतके स्पष्ट दिसत होते की नक्कलनवीस माणसाने ते सहज मोजले असते. घळसासींनी हाक मारली. मग, काय करतो आहोत हे कळायच्या आत, त्यांनी त्याच्या खांद्याला हात लावला. खांदा गार होता.

पलीकडे भिंतीला टेकून पार्वतम्मा बसली होती. ती उठली नाही.

“थांबला व्हय?” तिने विचारले. “मला वाटलं, माझाच डोळा लागला म्हणून ऐकू येईना.”

घळसासी बाहेर आले तेव्हा चारही भाकऱ्या त्यांच्या हातातच होत्या. बोळातली सगळी दारे उघडली होती आणि माणसे त्यांच्याच दिशेने चालत येत होती. काय झाले, असे कोणीच विचारले नाही. माग थांबल्याचे त्यांनाही ऐकू आले होते.

गंगम्मा सर्वांत पुढे होती.

“त्याच्या मागावर सूत नाही,” घळसासी तिला म्हणाले. “एक धागा नाही, गंगम्मा!”

“दिवाळीपासनं न्हाय.”

“तुला माहीत होतं?”

“साऱ्या बोळाला ठाव हाय. सूत आसलं की माग दबून बोलतो. रिकामा माग टणाटणा वाजतो. आमचं रांगतं पोर बी सांगंल तुमाला.”

“मग मला का नाही सांगितलंत?”

“काय सांगायचं? त्याची आबरू तेवढीच उरली हुती. ती आमी रस्त्यावर येऊन फोडायची व्हय? येकदा मी भाकरी घेऊन गेलते. म्हनला, माझा माग चालू हाय, तुझ्या पोरांस्नी घाल. आन लागला पुन्यांदा वाजवाय. त्यो दमला की पार्वतम्मा बसायची. आमी ऐकायचो, बास.” तिने नाक पुसले. “तुमाला म्हनले हुते की, दोन ठेवा म्हनून. तुमी दिल्या आसत्या तर त्यानं घेतल्या आसत्या. रिकाम्या मागाचं तुमाला काय कळतंय, आसं त्याला वाटायचं. तुमच्याम्होरं लाज नव्हती त्याला.”

घळसासी काही बोलायला गेले. बावीस वर्षांत त्यांनी नाना तऱ्हेच्या कबुल्या, जबान्या आणि माफीनामे उतरून काढले होते. त्यांतले एकही वाक्य त्या वेळी त्यांना आठवले नाही.

त्या दिवशी ते कोर्टात गेले नाहीत. रजेचा अर्जही पाठवला नाही. मल्लय्याला नेले तेव्हा ते आणि तिप्पण्णा मागून चालत राहिले. ओट्यावरून उठून गेलेल्या विणकराने खांदा दिला होता. शिकवणाऱ्याला खांदा द्यायला बोळात माणसांची वानवा नव्हती. तिरडीला वजन मात्र नव्हते; चौघे जण नेहमीपेक्षा भरभर चालत होते, आणि ते लक्षात येऊन मधेच हळू होत होते.

घरी आल्यावर अनसूयाबाईंनी त्यांच्या अंगावर पाणी घातले. सगळे ऐकून घेतले. मग एवढेच विचारले,

“दाराला कडी होती का हो?”

“नव्हती. नुसतं लोटलेलं होतं.”

त्या चुलीपाशी गेल्या. घरातले पीठ संपेपर्यंत त्यांनी भाकऱ्या थापल्या. सात झाल्या. त्या फडक्यात बांधून त्यांनी नवऱ्याच्या हातात दिल्या, आणि या वेळी मंडळाच्या गाडीवर द्या असे म्हणाल्या नाहीत.

घळसासी बोळात पोचले तेव्हा दिवस कलला होता. ज्या घरात मयत झाले त्या घरी चूल पेटवायची नाही, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी अन्न आणून द्यायचे, ही रीत विणकरांत सर्वांसारखीच होती. आणि रीतीने आलेल्या अन्नाला नाही म्हणायचे नसते. त्यात कोणाची आबरू जात नाही. सकाळी मंडळाने वाटलेल्या भाकऱ्यांतली एकेक दहाही घरांनी मागे ठेवली होती. पोरांच्या तोंडची काढून ठेवली होती म्हटले तरी चालेल. बायका एकेक करून आत येत होत्या, पार्वतम्मासमोर भाकरी ठेवत होत्या आणि भिंतीकडेला बसत होत्या.

घळसासींनी फडके सोडून आपल्या सात भाकऱ्या त्या चवडीवर ठेवल्या. कोणी त्यांना बस म्हटले नाही, कोणी जा म्हटले नाही. ते उंबऱ्याच्या आत, मागाला पाठ करून, उभे राहिले.

पार्वतम्माने त्या चवडीकडे पाहिले. मग तिने गंगम्माकडे मान वळवली.

“आता खाल्लं तर चालतंय न्हवं?”

“खा,” गंगम्मा म्हणाली.

सगळ्या मिळून सतरा भाकऱ्या होत्या. पार्वतम्माला अर्धी गेली.