मागच्या खोलीपर्यंत जाणारा आवाज

मित्रांनो, मी एक जुना अ‍ॅम्प्लिफायर आहे. गिटारचा आवाज मोठा करणारी लाकडी पेटी. अंगावर काळं रेक्झिन, पोटात काचेचे व्हॉल्व्ह, तोंडाला जाळी. शिलाँगच्या जैआव भागात, पत्र्याच्या छपराच्या एका घरात, पुढच्या खोलीच्या कोपऱ्यात मी असतो. हल्ली माझ्या डोक्यावर विणलेला रुमाल आणि त्यावर प्लास्टिकच्या फुलांची फुलदाणी असते. ज्याच्या डोक्यावर फुलदाणी आली, त्याने आपले दिवस सरले असं समजावं.

माझा जन्म कोलकात्याचा. मला जोडणाऱ्या कारागिराने आवाजाच्या बटणामागे एक चिमुकला कपॅसिटर बसवला होता. आवाज कमी ठेवला तरी त्यातली धार जाऊ नये, एवढंच त्याचं काम. धार मात्र जरा जास्तच झाली. दुकानात कुणी गिटार जोडून तार छेडली की मी असा किंचाळायचो की गिऱ्हाईक कानावर हात ठेवून दुसऱ्या पेटीकडे वळे. माझ्या शेजारच्या पेट्या एकेक करून गेल्या. मी तिथेच धूळ खात राहिलो.

शेवटी मला बांतेइलांगने घेतलं. तो छापखान्यात कामाला होता आणि लग्नकार्यात गिटार वाजवायचा. हमालाने कपाळाला पट्टा लावून, पाठीवरच्या टोपलीत घालून मला जैआवचा चढ चढवला. दारात बांतेइलांगची आई उभी होती. शेजारीपाजारी तिला कोंग द्रोसिला, म्हणजे द्रोसिलाताई म्हणत, घरात ती सगळ्यांची मेई, आई. माझा पहिला सूर ऐकून ती खळखळून हसली.

"अरे, ह्या पेटीला दात आलेत की काय! पण चांगलंय. चुलीपाशी बसूनही कळेल, पोरगं घरात आहे म्हणून."

माझा तिथेच जीव जडला. मला चांगलं म्हणणारी ती पहिलीच.

आमच्याकडे लग्न झालं की मुलगा बायकोच्या घरी राहायला जातो आणि आईचं घर धाकट्या मुलीला मिळतं. बांतेइलांगही मावलाईला सासरी गेला. मी इथेच राहिलो. संध्याकाळी काम सुटलं की तो इकडे यायचा, बूट न काढता मला सुरू करायचा आणि वाजवायला लागायचा. थोड्या वेळाने मागच्या खोलीतून मेई यायची. हातात क्वायची ताटली असे, म्हणजे चुना लावलेलं पान आणि ओल्या सुपारीच्या फोडी. मागोमाग लाल चहा. क्वाय पुढे केल्याशिवाय आमच्याकडे कुणी कुणाशी बोलायला बसत नाही. ज्याला ती मिळाली नाही, त्याने उठून जावं.

बाहेर मात्र माझी छीथू होत होती. एका लग्नात तर नवरीच्या मामाने माझी वायरच उपटली. बांतेइलांगचा मित्र कित्बोक ड्रम वाजवायचा आणि त्याला बाह, म्हणजे दादा, म्हणायचा. तो वैतागला.

"बाह, लोक जदोहचा भात खायला येतात रे, दात उपटून घ्यायला नाही! हिला जरा माणसात आण."

एका रविवारी प्रार्थनेनंतर त्याने मला पालथं घातलं आणि बटणामागचा तो कपॅसिटर शोधला. सोल्डरचा डाग वितळवून त्याचा एक तारेचा पाय सोडवला. दुसरा तसाच ठेवला. "टाकायचं कशाला? लटकू दे," म्हणाला. मग बांतेइलांगने तार छेडली आणि मी स्वतःच चकित झालो. आवाज कसा मऊ, गोल, कोमट चहासारखा. कित्बोकने माझ्या पाठीवर थाप मारली. शेजारीण खिडकीतून म्हणाली, "आज मांजराची शेपटी सोडलीत वाटतं दारातून!" मित्रांनो, एवढं कौतुक मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. मी फुलून गेलो.

त्याच संध्याकाळी मायलेकांची थोडी बोलाचाली झाली. मला मावलाईला न्यावं असं बांतेइलांगच्या मनात आलं. मेई म्हणाली, "तू गेलास तो गेलास, पेटी तरी राहू दे." तोही फणकाऱ्याने म्हणाला, "मग पेटीलाच घाल क्वाय!"

दुसऱ्या दिवशी तो आला आणि वाजवायला बसला. मऊ, गोड वाजवलं. मेई आली नाही. तो बराच वेळ थांबला, दाराकडे बघत राहिला. आत चुलीवर कोळसे तडतडत होते, म्हणजे ती घरातच होती. आत जाऊन विचारायचं त्याच्या जिवावर आलं. "क्वायसुद्धा नाही," एवढं पुटपुटला आणि निघून गेला.

असं रोज होऊ लागलं. तो यायचा, वाजवायचा आणि तसाच परत जायचा. मला मात्र कळलं होतं. मेईचे कान कधीचे मंदावले होते. तिने ते कुणाला कळू दिलं नव्हतं. ती बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघून निभावून न्यायची. लेकाची चाहूल तिला लागायची ती माझ्या किंचाळण्याने. आता माझा गोड आवाज भिंतीपर्यंत जायचा आणि तिथेच मरायचा. ती आत ताटली मांडून त्याची वाट बघायची, तो बाहेर तिची वाट बघायचा, आणि मी दोघांच्या मधे बसलेला. मला सगळं ठाऊक होतं, पण माझ्यासारख्याला स्वतःचा शब्द नसतो. दुसऱ्याने तार छेडली तरच मी बोलणार, आणि तेही त्याचंच. इतका एकटा मी दुकानाच्या फळीवरही नव्हतो.

धाकटी बहीण इबानरी शाळेत शिकवायची. ती घरी पोचायची तेव्हा भाऊ निघून गेलेला असायचा. एका संध्याकाळी ती लवकर आली. भाऊ वाजवत होता. ती हसून आत गेली आणि तिचं हसू तिथेच विरलं.

"मेई, चहा आटून गेलाय. बाहेर नेला का नाहीस?"

"कुणाला नेऊ? तो येतच नाही आता. रागावलाय माझ्यावर."

"अगं, बाहेर वाजवतोय तो!"

तिने मेईला, क्वायच्या ताटलीसकट, हाताला धरून पुढच्या खोलीत आणलं. बांतेइलांग मान खाली घालून वाजवतच होता. मेई माझ्यासमोर उभी राहिली. तिने त्याच्या बोटांकडे पाहिलं, माझ्या जाळीकडे पाहिलं, पुन्हा बोटांकडे पाहिलं.

"पोरा," ती हळूच म्हणाली, "तारा तर हलतायत."

त्याचे हात थांबले. त्याने तिच्या हातातली ताटली घेतली, एक फोड तोंडात टाकली आणि लहान मुलासारखा रडला. मग उठला आणि कित्बोकला बोलावून आणलं. लटकलेला पाय पुन्हा जागेवर आला. माझा पहिलाच सूर असा किंचाळला की शेजारणीने खिडकी आपटली. मेई मात्र मान डोलवत म्हणाली, "हां! आता आलास."

त्यानंतर लग्नकार्यात बांतेइलांग दुसऱ्याची पेटी मागून वाजवू लागला. मी मेईचा झालो. पुढे काही हिवाळे असेच सुखाचे गेले. मग मेई देवाच्या घरी क्वाय खायला गेली. आमच्याकडे गेलेल्या माणसाबद्दल असंच म्हणतात.

आता ही फुलदाणी आहे आणि मी आहे. इबानरीच्या मुलीला गिटार शिकायची आहे. ती म्हणते, "किती किरकिरतो हा! मामा, ह्याचा आवाज मऊ करून घेऊ या ना." मित्रांनो, कुणाचाही आवाज कानाला टोचला तर त्याची धार खुशाल काढा. पण आधी एकदा मागच्या खोलीत डोकावून या. तिथे कुणीतरी त्याच धारेच्या आधाराने बसलेलं असतं.

मामा तिला अजून हो म्हणालेला नाही. अधूनमधून तो येतो, फुलदाणी उचलून खाली ठेवतो आणि एकच सूर वाजवतो, तसाच कर्कश. मग हात तारांवर ठेवून गप्प बसतो. मेईला चुलीपासून दारापर्यंत यायला जेवढा वेळ लागायचा, तेवढाच. मग मला बंद करतो आणि फुलदाणी पुन्हा माझ्या डोक्यावर ठेवतो.