घंटेच्या सुतकातला आवाज

खट्… खट्… खट्.

फार जुना आवाज आहे हा. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी दचकलो होतो. आत्माराम सुताराच्या पडवीत पाळण्यात निजलेलं त्याचं पोरही दचकून रडायला लागलं. कोण वाजलं ते मला कळेना. मग आत्माराम हसून म्हणाला, "वाजलास रे बाबा!" तेव्हा समजलं, तो आवाज माझाच.

मी खटखटा. नाव खेळण्यासारखं असलं तरी मी खेळणं नाही. फणसाच्या लाकडाची हातभर फळी, खाली मूठ आणि मधोमध एक लाकडी हातोडी. मूठ धरून हलवलं की हातोडी दोन्ही अंगांनी आपटते. एवढाच माझा जीव. शाळा मला नाही. कपाटातल्या वस्तूच्या कानावर जेवढं पडतं, तेवढंच मला कळतं.

रत्नागिरीच्या बाहेर, खाडीकडे उतरणाऱ्या सड्यावर जांभ्या दगडाचं एक जुनं कॉन्व्हेंट आहे. तिथल्या सिस्टरांनी मला करून घेतलं. आत्मारामाला नवल वाटलं. "एवढी मोठी घंटा असताना ह्या लाकडाचं काय काम?"

मोठ्या सिस्टरनं त्याला समजावलं. येशू ज्या शुक्रवारी गेला, त्या दिवशी भर दुपारी अंधार पडला होता; त्या दुःखात वर्षातून एकदा घंटा गप्प राहते. मूर्तींवर कापड टाकतात. तेव्हा प्रार्थनेला बोलवायला लाकूड वाजवतात. ईस्टरच्या रविवारी तो मरणातून उठतो, की पुन्हा घंटा.

आत्मारामानं मान डोलावली. "म्हणजे घंटेला सुतक."

"तसंच म्हण," सिस्टर म्हणाली.

मला वाजवायचं काम अपोलिन नावाच्या कोवळ्या मुलीकडे आलं. नुकतीच सिस्टर व्हायला आली होती. तिचा हात घामेजलेला असायचा, पण पकड अशी हळुवार, की तेवढ्या दिवसांपुरती माझीही भीती जायची. तिचा स्वतःचा एक नेम होता. माझा आवाज झाला की ती अन्न सोडायची. बाकीच्या सिस्टर एक वेळ जेवत. ही घोटभर पाण्यावर राहायची, ते घंटा वाजेपर्यंत. बोलायचीही नाही. "अपोलिन, एवढं कडक कशाला गं?" असं कुणी म्हटलं, तर नुसती हसायची. घंटा वाजली की मला खोबरेल तेलाचा हात फिरवून कपाटात ठेवायची, आणि मगच पेजेला तोंड लावायची.

तीच अपोलिन आता सगळ्यांची म्हातारी माय झाली आहे. बाकीच्या एकेक करून गेल्या. कॉन्व्हेंटात उरल्या दोघी, ती आणि सिस्टर जेसी. मायला आताशा काही आठवत नाही. सकाळी काय खाल्लं ते दुपारी विसरते. जुन्या प्रार्थना मात्र एक शब्द न चुकता म्हणते.

अशात सिनेमावाले आले.

म्होरक्या रितेश. हातखंब्याला त्याच्या वडिलांचं गॅरेज. पोरगा मुंबईत राहून आलेला, चार मित्र आणि एक कॅमेरा एवढंच भांडवल. भुताचा सिनेमा, पण त्यात भूत नाही. एका सिस्टरला बंद खोलीतून आवाज ऐकू येतो, दुसऱ्या कुणाला येत नाही, आणि तिचं डोकं हळूहळू फिरतं, अशी गोष्ट. गळकी कौलं बदलून देतो म्हणाला, म्हणून सिस्टर जेसीनं परवानगी दिली. अट एकच घातली: "भुताच्या सिनेमात मूर्ती दिसता कामा नयेत. सगळ्यांवर कापड टाका." आणि मग ती आजारी भावाला बघायला केरळात गेली. मायला सांभाळायला काशी होती. काशी गणपतीनंतर कामाला लागलेली; इथला ईस्टर तिनं पाहिलेला नाही.

सामान शोधताना रितेशनं माझं कपाट उघडलं. मला उचललं, हलवलं.

खट्.

रितेशच्या हातावर काटा आला. "आईशप्पथ! हाच तो आवाज! सापडला!"

मोहोराचे दिवस होते. ईस्टर लांब होता. अवेळी वाजलेला मी पहिल्यांदाच, आणि मला फार भीती वाटली.

पुढचं सगळं त्यांनी आपल्या सोयीनं केलं, कुणाच्या मनात वाईट नव्हतं. रात्रीच्या शूटिंगला लागणारे दिवे परवडेनात, म्हणून भर दुपारी खिडक्यांना काळं कापड लावून प्रार्थनाघरात अंधार केला. खाडीच्या वाऱ्यानं पडवीतली घंटा मध्येच टणकन वाजायची, म्हणून तिचा लोलक टॉवेलनं बांधला. मूर्ती तर झाकलेल्याच होत्या. मग रितेश ओरडला, "ॲक्शन!" आणि मी वाजलो.

शेवटच्या बाकापाशी काहीतरी हललं. माय होती. कधी आली, कुणी पाहिलं नाही. भर दुपारचा अंधार तिनं पाहिला. कापडाखालच्या मूर्ती पाहिल्या. मला ऐकलं. सावकाश गुडघे टेकले, आणि ओठ मिटून घेतले.

माझ्या लाकडातून कळ गेली. तिला वाटलं, तो शुक्रवार आला.

त्या दिवसापासून तिनं अन्न सोडलं. तिची खोली प्रार्थनाघराला लागून. भिंतीपलीकडून काशीचा आवाज यायचा.

"माय, दोन घास खा गो. मऊ पेज केलीय. कुळथाचं पिठलं हवं? रागावलीस काय माझ्यावर? बोल तरी गो कायतरी!"

माय काही बोलायची नाही. डॉक्टर येऊन गेला. वय झालंय, म्हणाला, भूक मरते. आणि इकडे रितेश सिनेमातल्या सिस्टरला म्हणायचा, "अजून एकदा. राजश्री, अजून घाबर." मूठ दुसऱ्याच्या हातात असली की मी नाही म्हणू शकत नाही. मी वाजायचो, आणि ज्या शुक्रवारी ती उपाशी होती, तो माझ्या प्रत्येक आवाजानं पुन्हा नव्यानं सुरू व्हायचा.

माणसांचं मला नवल वाटलं. "घाबर" म्हटलं की ती घाबरतात, "कट" म्हटलं की चहा पितात, भजी खातात. माझी भीती कट होत नव्हती. मायच्या खोलीतली खोकल्याची उबळ दर दिवशी बारीक होत होती. एखाद्या सकाळी ती ऐकूच आली नाही तर? मला तोंड असूनही सांगता येईना. तोंड उघडलं की तोच आवाज.

सिस्टरचं काम करणारी राजश्री मिरकरवाड्याची. दिवसा पतपेढीत नोकरी, संध्याकाळी नाटकाच्या तालमी. सिनेमासाठी रजा काढून आलेली. एकदा दोन शॉटच्या मध्ये ती मायला बघायला गेली. अंगावर सिस्टरचा झगा तसाच, आणि हातात मी.

माय उशीला टेकली होती. ओठांना भेगा पडलेल्या. झगा पाहून तिला वाटलं, नवी मुलगी आली आहे. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती कुजबुजली.

"घंटा वाजली का गं?"

राजश्री जवळ वाकली. "नाही माय. बांधून ठेवलीय."

"मग अजून नाही," माय म्हणाली, आणि काशीच्या हातातली वाटी तिनं हलकेच बाजूला सारली.

राजश्री खाटेच्या कडेला बसली. "घंटा वाजली की खाशील?"

मायला हसू आलं. "नवीन आहेस वाटतं. शुक्रवार ना आज? दुपारी अंधार झाला, मूर्ती झाकल्या. आणि हा बोलला." तिनं हात लांबवून माझ्या फळीवरून बोटं फिरवली. जुनीच बोटं, पण हाडं लागली. "घंटेच्या आधी कसं खायचं?"

राजश्री माझ्याकडे बघत राहिली. मग मला तिथंच मायच्या मांडीवर टाकून ती पळत सुटली.

पुढचं मी फक्त ऐकलं. पडवीत पावलं. स्टूल ओढल्याचा आवाज. आणि मग टणण् टणण् टणण्, थांबायचं नाव नाही! आत रितेश ओरडला, "अरे, कोण ते? बंद करा!" घंटा वाजतच राहिली.

मायचे डोळे भरून आले. "उठला गं," ती म्हणाली, "उठला माझा राजा!"

"कोण उठला? आधी तू उठ," काशी म्हणाली, आणि रडत-रडतच तिनं मायच्या तोंडाशी वाटी धरली.

मायनं पेजेचा घोट घेतला. मग आणखी एक.

ही आत्ताचीच गोष्ट. मी अजून तिच्या मांडीवर आहे. काशीकडून तिनं तेल मागून घेतलं आहे आणि एक बोट माझ्या फळीवरून फिरतं आहे. पण दारात रितेश उभा आहे.

"शेवटचा शॉट राहिलाय," तो म्हणतो. "खटखटा दे."

त्याच्या मागून धापा टाकत आलेली राजश्री सांगते, "हा वाजला की ती जेवत नाही, रितेश. म्हणून उपाशी होती ती."

"एकदाच गं. लांब, मागच्या दाराशी वाजवू. त्याच्याशिवाय सिनेमा कसा संपवू मी?"

तुम्ही जे कोणी मला ऐकताय, त्यांना माझं एवढंच सांगणं आहे. मला वाजवायचं तर मागाहून घंटा वाजवायला कुणीतरी असू द्या. सुतक सुरू करायचं आणि फेडायचं विसरून जायचं, असं करू नका. मला माझ्या आवाजाची अजून भीती वाटते.

रितेश आत येतो. हात पुढे करतो. त्याची बोटं माझ्या मुठीला लागतात.

माय मान वर करते. हनुवटीवर पेजेचा थेंब आहे. ती आपली वाटी दोन्ही हातांनी उचलून त्याच्यापुढे धरते. "सण आहे, बाळा. तू पण उपाशीच असशील. घे."

रितेश वाटीकडे पाहतो, तिच्या भेगाळलेल्या ओठांकडे पाहतो. माझ्या मुठीवरची त्याची बोटं सुटतात. तो दोन्ही हातांनी वाटी घेतो, एक घोट घेतो, ती परत तिच्या हातात नीट ठेवतो, आणि मला तिच्या मांडीवरच सोडून निघून जातो.